अर्सेनचा वास

गोडलीव्हचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकाहत्तर. सप्टेंबरचा दुसरा शनिवार. पुढची कितीतरी वर्षं त्या घरात सगळं त्या लग्नापासूनच मोजलं गेलं. कुठली गाय कधी व्याली, नवरीच्या बापाचा, गोमारचा गुडघा कधी गेला, सगळं. पण लग्नाच्या जेवणात काय वाढलं होतं असं कुणी विचारलं असतं, तर नवरीच्या आईला सांगता आलं नसतं. लिओंटीन जेवायला नव्हतीच.

गाव बेल्जियममधल्या केंपन मुलखातलं. रेताड जमीन, बटाटे, राय नावाचं धान्य, गाई, आणि घरोघरी एखाददुसरा डोकं बिघडलेला माणूस. त्याला गावात कुणी वेडा म्हणत नाही, पाहुणा म्हणतात. ही रीत शेकडो वर्षांची. असा माणूस दूरच्या शहरातून इथे येतो, गावाबाहेरचा दवाखाना त्याला थोडे दिवस बघतो, मग कुणाच्या तरी घरी देतो, आणि तो त्या घरातच म्हातारा होतो. नियम थोडेच. जे घरच्यांच्या ताटात तेच पाहुण्याच्या ताटात. पाहुणा घरच्या बाईला आई म्हणणार, मग तो तिच्याहून थोरला का असेना. आणि आजाराचं नाव दवाखाना सांगत नाही, घरच्यांनी विचारायचं नाही. लिओंटीनच्या सासूने सून घरात आल्या आल्या तिला बजावलं होतं, "माणूस घेतलाय घरात. त्याचं दुखणं दवाखान्याच्या कपाटात राहू दे."

अर्सेन आला तो अठ्ठेचाळीस साली, गोडलीव्ह जन्मली त्याच वर्षी. किडकिडीत, गोरापान, बोटं बाईसारखी नाजूक. पूर्वी गेंट शहरात टोप्यांच्या दुकानात होता म्हणे. त्याला वाटायचं, आपल्या अंगाला घाण मारते. कसली, ते तो सांगत नसे. जेवताना टेबलाच्या पार टोकाला बसायचा. अंगणात कुणाशी बोलायचं तर आधी वारा कुठून येतोय ते बघायचा आणि मग उभा राहायचा. घरात चांगली खोली असताना त्याने गोठ्यापलीकडची कोठी मागून घेतली. तिथे शेणामुताच्या वासात आपला वास बुडतो, असा त्याचा हिशेब.

पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी लिओंटीन वैतागली. कडेवर रडकं पोर, चुलीवर ताकाची पेज उतू चाललेली, आणि हा दारात घुटमळतोय, आत येऊ की नको. ती तरातरा गेली, त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं, मानेशी नाक नेलं आणि जोरात हुंगलं.

"गाईचा वास येतोय," ती म्हणाली. "दुसरा कसलाही नाही. आता आत ये आणि दार लाव, पोराला गारठा लागतोय."

अर्सेन डोळे मिटून उभा होता. मग आत आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, मान थोडी वाकवून. लिओंटीनने हुंगलं. तिसऱ्या दिवशीही. असं तेवीस वर्षं चाललं. दुधाला जायच्या आधी एक हुंगणं, एक वाक्य, आणि अर्सेनचा दिवस सुरू. त्यात काही विशेष आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. कोंबड्यांची खुराडी उघडावीत तसं ते एक काम होतं.

गोडलीव्हचा पाळणाही त्यानेच हलवला. जवळ गेलो तर पोरीला वास येईल म्हणून पाळण्याला गाईचं दावं बांधायचा आणि दारात बसून दुरून ओढायचा. गोडलीव्ह चालायला लागली ती ते दावं धरून, त्याच्याच दिशेने.

अशा घरात हेर्विग जावई म्हणून येणार होता. मेखेलेन शहरातल्या औषधवाल्याचा एकुलता एक मुलगा. विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होता आणि त्या वर्षी गावच्या दवाखान्यात उमेदवारी करत होता. पोरगा दिसायला देखणा. नखं स्वच्छ, केसांना क्रीम, गालाला कसलं तरी अत्तरपाणी. ते अत्तर लिओंटीनच्या घशात बसायचं. तो गेल्यावर ती खिडक्या उघडायची आणि स्वतःलाच रागवायची, पोरीचा नवरा होणार आहे, नाकाला आवर घाल.

दर रविवारी तो कागदांची चळत घेऊन यायचा. माणसाचा स्वभाव कसा मापायचा, माणूस जे करतो ते कशापोटी करतो, यावर त्याचा प्रबंध होता. घरातल्या प्रत्येकाला तो प्रश्न विचारायचा आणि चौकोनात फुल्या मारायचा.

"‘मला गर्दीत बरं वाटतं.’ नेहमी, कधीकधी, कधीच नाही?" त्याने गोमारला विचारलं.

"बियर कोण पाजतंय त्यावर आहे," गोमार म्हणाला आणि स्वतःच खदखदून हसला.

मग लिओंटीनची पाळी. ती बटाटे सोलत होती.

"‘मला माणसांची किळस येते.’ नेहमी, कधीकधी, कधीच नाही?"

"कुठल्या माणसांची?"

"तसं नाही, आई. एकूण माणसांची."

"एकूण माणूस मी अजून पाहिला नाही. कधीच नाही, असं लिहा."

त्याने फुली मारली. त्याच्या तोंडून आई हा शब्द ऐकला की लिओंटीनला कसंसंच व्हायचं. अर्सेनला तो शब्द तोंडात आणायला दोन वर्षं लागली होती.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, हेर्विग टेबलाशी असतानाच गोडलीव्हने विषय काढला. लग्नाच्या आधीच्या रविवारी हेर्विगची आई घर बघायला येणार होती.

"आई, तिच्यासमोर तू अर्सेनची मान हुंगणार आहेस का?"

"ती सकाळी येणार आहे का?"

"सकाळ-संध्याकाळचा प्रश्न नाही. लोक काय म्हणतील? मला आत्ताच लाज वाटते सांगायला."

लिओंटीनलाही लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते हुंगणं मेखेलेनच्या बाईच्या डोळ्यांनी दिसलं, आणि दिसलं ते ओंगळ होतं.

हेर्विगने खुर्ची पुढे ओढली. "आई, खरं सांगू? तुम्ही रोज हुंगता म्हणून त्याला रोज शंका येते. खाजवलं की खाज वाढते ना, तसंच हे. तुम्ही त्याला बरं होऊच देत नाही. थांबवून तर बघा. दोन दिवस तडफडेल, तिसऱ्या दिवशी शांत होईल."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी त्याची फाइल वाचलीये."

गोमारने चमचा खाली ठेवला. लिओंटीनने इथेच उठायला हवं होतं. खिडकी उघडायची होती, कॉफी ओतायची होती, काहीही करायचं होतं. लिओंटीनच्या सासूने हेच तर बजावलं होतं. पण तेवीस वर्षं दाबून ठेवलेली उत्सुकता जिभेवर आली.

"मग काय आहे त्याला?" तिने विचारलं.

हेर्विगने एक लांबलचक लॅटिन नाव सांगितलं. मग हकिगत सांगितली. गेंटच्या दुकानात एकदा एका गिऱ्हाईक बाईच्या डोक्यावर अर्सेन टोपी बसवून बघत होता. त्या बाईने पिशवीतून रुमाल काढला आणि नाकाला लावला. बस, एवढंच. सर्दी असेल, धुळीने शिंक येत असेल. पण अर्सेन घरी गेला तो दुकानात परत आलाच नाही. पुढची चार वर्षं तो दिवसातून सात वेळा आंघोळ करत होता. शेवटी त्याच्या बहिणीने त्याला इकडे पाठवला.

"एका रुमालापायी?" गोमार म्हणाला.

"रुमालापायी नाही. रुमाल निमित्त. मुळात तसा स्वभावच लागतो," हेर्विग म्हणाला आणि हसला.

त्या दिवसापासून घरात अर्सेन राहिला नाही, ते लॅटिन नाव वावरू लागलं. त्याने पाव कमी खाल्ला की गोमार डोळ्यांनी खुणावायचा, बघ, आजार. तो गाईशी पुटपुटला की आजार. तो हसला तरी आजार. आणि सोमवारी सकाळी तो दारात मान वाकवून उभा राहिला तेव्हा लिओंटीन चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आजपासून नको, अर्सेन. तू बरा आहेस. बस जेवायला."

तो बसला नाही. मग म्हणाला, "एवढा यायला लागला का, आई?"

"काही येत नाही. बस."

"मग हुंगून सांग."

तिने हुंगलं नाही. तो न जेवता गोठ्यात गेला. तिसऱ्या दिवशी शांत होईल, असं हेर्विग म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी तो खरोखरच शांत झाला. विचारायचाच बंद झाला. हेर्विगने वहीत काहीतरी लिहिलं आणि खुशीत गोडलीव्हच्या खांद्यावर हात टाकला.

रविवारी विहीणबाई आल्या. करड्या रंगाचा कोट, हातमोजे. लिओंटीनने तांदळाची खीर भरून दोन केक भाजले होते. पाचाच्या सुमाराला सगळी मंडळी अंगणात आली. लिओंटीन केकची ताटली घेऊन दारात होती. त्याच वेळी अर्सेन दुधाचा कॅन उचलून गोठ्यातून बाहेर आला.

पुढचं लिओंटीनने नीट पाहिलं, आणि तिला नंतर कुणी कितीही समजावलं तरी पाहिलेलं पुसता आलं नाही. हेर्विग आईच्या कानाशी वाकला. विहीणबाईंनी पिशवीतून पांढरा रुमाल काढला. काढून लगेच नाकाला लावला नाही. आधी मुलाकडे पाहिलं, ‘आता?’ असं विचारावं तसं. हेर्विगने मान हलवली. मग त्यांनी रुमाल वर नेला आणि नाक झाकलं. हेर्विगने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिशातून वही काढली.

अर्सेनने कॅन खाली ठेवला. झाकण वाकडं झालं होतं ते सरळ केलं. आणि परत गोठ्यात गेला.

त्याच पावली लिओंटीनने गोठ्यात जायला हवं होतं. पण विहीणबाई रुमाल घडी करून ठेवत म्हणाल्या, "केक अगदी सुंदर दिसतोय हो," आणि लिओंटीन म्हणाली, "या ना आत." तिने केक कापला. कॉफी ओतली. चर्चमध्ये फुलं पांढरी की पिवळी यावर अर्धा तास बोलली. तो अर्धा तास तिने स्वतःला कधी माफ केला नाही.

अर्सेन सापडला तो गोमारला, दुधाचे कॅन धुतात त्या पडवीत. कॅनसाठीचा कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून त्याने मान आणि हात धुतले होते, कॅनच्याच ब्रशने. ओरडला नव्हता. गोमारने त्याच्यावर बादल्यांमागून बादल्या पाणी ओतलं आणि ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. विहीणबाईंनी विचारलं, कसली गडबड? हेर्विग म्हणाला, "काही नाही, गाय अडलीये."

बुधवारी ओडिलॉन आला. दवाखान्याचा तो पुरुष परिचारक वीस वर्षं सायकलवरून घरोघरच्या पाहुण्यांची विचारपूस करायचा. टोपी काढून टेबलावर ठेवली, कॉफी नको म्हणाला. तेवढ्यावरूनच लिओंटीन समजली.

"जखमा भरतील," तो म्हणाला. "पण तो जेवत नाही. मला माणसं नसतील तिथे ठेवा, एवढंच म्हणतो. डॉक्टर सोमवारी त्याला दुसऱ्या गावी पाठवणार, बंद वॉर्डात. तिथून परत येणं नाही. सोमवारच्या आत तो स्वतःच्या तोंडाने घरी जायचं म्हणाला, तर मी आणून सोडीन. पण आधी मला कळायला हवं, इथे काय झालं."

गोमार म्हणाला, "आजारच आहे त्याला. उलटला."

"आजार तेवीस वर्षं होता की. आत्ताच कसा उलटला?"

गोडलीव्हने आईचा हात टेबलाखाली घट्ट धरला. हेर्विगने फाइल वाचली, घरी येऊन बोलला, हे दवाखान्याला कळलं तर त्याची उमेदवारी जाणार. लग्न तीन दिवसांवर. लिओंटीनने मुलीकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला.

"जावयाने नाव फोडलं," ती म्हणाली. "पण विचारलं मी. हुंगायचं बंद केलं ते मी. रुमाल त्यांनी लावला, तो मुद्दाम लावलाय हे मला दिसलं, तरी मी केक कापत बसले. लिहून घे, ओडिलॉन. कुणाचंच नाव गाळू नकोस."

ओडिलॉनने लिहिलं नाही. टोपी उचलून तो थेट डॉक्टरांकडे गेला.

संध्याकाळी हेर्विग आला तो पांढरा पडून. "आई, तुम्ही माझं आयुष्य घालवलंत. मी त्याच्या भल्यासाठीच केलं. सिद्धान्ताप्रमाणे..."

"तुझ्या आईने रुमाल कधी लावायचा ते तू सांगितलंस," लिओंटीन म्हणाली. जावयाला ती पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. "मग घड्याळात पाहिलंस. कशासाठी रे?"

"किती वेळाने त्याची प्रतिक्रिया येते ते..."

"माझ्या गोठ्यात डुकरं होती तेव्हा घर इतकं घाण नव्हतं. ऊठ त्या खुर्चीवरून, ती अर्सेनची आहे."

"आई, तो वेडा आहे आणि हा माझा नवरा होणार आहे!" गोडलीव्ह किंचाळली.

"हो. आणि पाळण्याचं दावं कोण ओढत होतं, ते विचार त्याच्या वहीला."

तरी लग्न झालं. लग्नं थांबत नाहीत. शनिवारी लिओंटीन निळा रेशमी पोशाख आणि टोपी घालून पहिल्या बाकावर बसली. विहीणबाई शेजारीच होत्या, त्यांच्या बाहीतून रुमालाचं टोक बाहेर आलं होतं. पूर्ण प्रार्थनाभर लिओंटीनला त्या टोकाशिवाय दुसरं काही दिसलं नाही. चर्चबाहेर फोटो झाले, मंडळी जेवणाच्या हॉलकडे वळली, तशी ती गोमारला म्हणाली, "मी जाते."

"कुठे? सूप वाढतायत!"

"तू पी माझंही."

घरी जाऊन तिने कोठीच्या खुंटीवरून अर्सेनचा गोठ्यातला कोट काढला. शेण, दूध, घाम यांनी तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. बटाट्याच्या पोत्यात घालून तिने तो सायकलला बांधला आणि रेशमी पोशाखातच दवाखान्यात गेली.

अर्सेन भिंतीकडे तोंड करून पडला होता. मानेला, हातांना पट्ट्या. खोलीत जंतुनाशकाचा असा उग्र दर्प होता की डोळ्यांना पाणी यावं. लिओंटीनने पोतं सोडलं. दवाखान्यातली ख्रिस्ती जोगीण परिचारिका मागोमाग आली होती, कोट बाहेर निघाला तसा तिचा हात आपसूक नाकाकडे गेला.

"नाकाला हात लावलात तर याद राखा, सिस्टर," लिओंटीन म्हणाली. जोगिणीचा हात हवेतच थबकला आणि खाली आला.

"अर्सेन, मी आलेय."

"जा, आई. लग्न आहे आज."

"झालं. इकडे बघ."

"विहीणबाईंना पार तिकडून आला. अंगणाच्या पलीकडून."

"त्यांना काही आलं नाही. त्यांना हेर्विगने लावायला सांगितला रुमाल. गेंटची गोष्ट त्याने कागदात वाचली होती. आणि त्याला नाव विचारलं मी. मीच."

अर्सेन हळूहळू वळला. "मुद्दाम?"

"मुद्दाम. घड्याळ लावून."

"शी," अर्सेन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर शिसारी होती, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

मग त्याने विचारलं, "आता कसला येतोय?"

लिओंटीन वाकली. पट्टीच्या वर, कानामागे नाक नेलं आणि हुंगलं. नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण इथे गाय नव्हती, आणि खोट्याचीही तिला आता किळस आली होती.

"औषधाचा," ती म्हणाली. "आणि त्याच्याखाली तुझा. सहा दिवस न्हायलेला नाहीस तसा. गोमारला येतो तसाच. गोमारचा जरा जास्तच."

अर्सेनला आयुष्यभर ज्याची भीती होती ते कुणीतरी तोंडावर सांगितलं होतं, आणि सांगणारी बाई नाक न झाकता तिथेच वाकलेली होती.

"गोमारचा जास्त?"

"पायांचा तर विचारूच नकोस."

त्याने कोट ओढून छातीवर घेतला, त्यात तोंड खुपसलं. "पिवळीला कोण पिळतंय?" त्याने आतूनच विचारलं.

"गोमार. लाथा खातोय."

"मला घरी घेऊन चल, आई," अर्सेन म्हणाला. "त्याला तिची सवय नाही."

जोगिणीने ते ऐकलं आणि ती ओडिलॉनला शोधायला गेली. रविवारी अर्सेन घरी आला.

हुंगणं परत सुरू झालं. फक्त आता लिओंटीन येईल तो वास सांगायची. आज कांद्याचा. आज ओल्या लोकरीचा. आज तुझा, जरा अंग धू. कधी तो ऐकून निमूट जेवायला बसायचा, कधी दोन-दोन दिवस कोठीतून बाहेर यायचा नाही. बरा तो कधीच झाला नाही.

हेर्विगची उमेदवारी गेली, पण त्याने दुसरीकडून पदवी मिळवली. पुढच्या वर्षी छापील प्रबंध पोस्टाने आला, ‘सप्रेम भेट’ लिहिलेला. लिओंटीनने चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एका पानावर अर्सेन होता, नुसतं एक अक्षर आणि वय. त्याच्या प्रतिक्रियेला किती सेकंद लागले तेही होतं. कॉस्टिक सोड्याचा उल्लेख नव्हता. मागच्या तक्त्यात घरच्या प्रत्येकाच्या उत्तराची फुली होती. माणसांची किळस येते का, या ओळीत तिची फुली ‘कधीच नाही’खाली छापलेली होती. तिने पेन्सिल घेतली, ती फुली खोडली आणि ‘नेहमी’खाली नवी काढली. थोडा वेळ थांबून ‘नेहमी’ही खोडलं आणि समासात दोन नावं लिहिली, हेर्विगचं आणि विहीणबाईंचं. तिसरं स्वतःचं लिहिलं.

मग कात्रीने प्रबंधाचे चौकोन कापले आणि अंगणातल्या संडासात खिळ्याला अडकवले. चार दिवसांनी अर्सेनने तक्रार केली, "आई, हा कागद फार गुळगुळीत आहे. कामाचा नाही."

गोडलीव्ह नाताळला एकटी येई. हेर्विग पुन्हा त्या अंगणात आला नाही.

अर्सेन मंगळवार, अकरा फेब्रुवारी एकोणीसशे शहाऐंशी रोजी पहाटे, गोठ्यापलीकडच्या कोठीत न्यूमोनियाने वारला. वय एकोणसत्तर. गोमार त्याच्या आधी दीड वर्ष, चौऱ्याऐंशीच्या बटाटेकाढणीत गेला होता. अर्सेनला आंघोळ लिओंटीननेच घातली.